घरच्या सोड्याचा हिशेब



चैत्र लागला की आपल्या रत्नागिरीत घरोघर आगळाच्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. दुपारी उन्हातून कुणी आलं की पाण्यात दोन चमचे सरबत, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड, झालं काम. पण गेल्या काही वर्षांत एक नवीन मागणी सुरू झाली आहे. मुंबईहून आलेली मुलं म्हणतात, "काकी, सोडा घालून दे." मग दुकानातून सोड्याच्या बाटल्या येतात. पाहुणे चार दिवस राहिले की रिकाम्या बाटल्यांचा ढीग परसात आणि दुकानदाराच्या वहीत आपलं नाव.

म्हणून बैठकांमध्ये आम्हाला हा प्रश्न हमखास येतो : सोडा घरीच केला तर परवडेल का? आजचं बोलणं त्यावरच आहे. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. परवडतो, पण सगळ्यांना नाही. आणि ज्यांना परवडतो त्यांनाही आपोआप परवडत नाही. त्यामागे एक हिशेब आहे. तो न समजल्यामुळे आमच्या एका गटात पैसे तर गेलेच, पण एका बाईचं मनही मोडलं होतं. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या ओळखीतल्या दहा जणींच्या गटाने उन्हाळ्याच्या सुट्टीत गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर कोकम सोड्याचा स्टॉल टाकायचं ठरवलं. सरबत घरचं, लिंबू घरचं, जागा एका ताईच्या अंगणातली. बाहेरून घ्यायचा होता तो फक्त सोडा. रोज बाटल्या विकत घेण्यापेक्षा यंत्र घेऊ, असं ठरलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून सहा हजार रुपये काढले, हाताने दाबायचं सोड्याचं यंत्र आणलं. सोबत ४२५ ग्रॅम वायूची टाकी. विकणाऱ्याने सांगितलं, एका टाकीत साठ लिटर सोडा होतो. आम्ही वहीत लिहून घेतलं : साठ लिटर.

स्टॉल छान चालला. दिवसाला शंभरेक ग्लास जायचे. एका ग्लासात साधारण १५० मिली सोडा, म्हणजे दिवसाला १५ लिटर. तीस दिवसांचे झाले ४५० लिटर. साठ लिटरच्या हिशेबाने साडेसात टाक्या लागायला हव्या होत्या. लागल्या पंधरा. टाकी भरून आणायला येण्याजाण्याच्या खर्चासकट आम्हाला सहाशे रुपये पडत होते. म्हणजे साडेचार हजार रुपये जास्तीचे गेले. कर्जाचा हप्ता शेवटी पापडाच्या पैशातून भरावा लागला.

मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत वही उघडली आणि कुजबुज सुरू झाली. स्टॉलवर बसणारी वहिनी एकटीच होती. ग्लास किती गेले ते तीच लिहायची. कुणीतरी म्हणालं, नातेवाइकांना फुकट पाजलं असेल. कुणी म्हणालं, ग्लास विकले जास्त आणि लिहिले कमी. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. वहिनीने किल्ली सतरंजीवर ठेवली आणि ती घरी गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

आता हा वायू खरोखर गेला कुठे, ते पाहू. त्यासाठी आधी सोडा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

सोडा म्हणजे पाणी आणि वायू

सोडा म्हणजे पाण्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच वायू. जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला १७६७ मध्ये लीड्स गावात, शेजारच्या बिअरच्या कारखान्यातल्या पिंपांवर साचणारा वायू पाहून ही कल्पना सुचली. १७७२ मध्ये त्याने पाण्यात हा वायू कसा मिसळायचा यावर पुस्तिका छापली. पुढे त्याचा धंदा झाला. हायरम कॉड याने १८७२ मध्ये काचेची गोळी असलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. आतला वायू गोळीला वर ढकलतो आणि तोंड बंद करतो, बुचाची गरजच नाही. आपल्याकडे पारशी मंडळींनी हा धंदा वाढवला. पुण्यातला अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासूनचा आहे.

आता मुद्द्याचं. हा वायू पाण्यात किती मावतो हे दोन गोष्टींवर ठरतं : दाब किती आणि पाणी किती गार. दाब यंत्र देतं. गारवा आपण द्यायचा असतो. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच गरम पाण्यात जास्त विरघळत असेल. वायूचं उलटं आहे. पाणी जितकं गार, तितका वायू जास्त मावतो. साध्या हवेच्या दाबाला ५ अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. ३० अंशाच्या पाण्यात मावतो जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे निम्म्याहूनही कमी. यंत्राने दाब वाढवला की दोन्ही आकडे वाढतात, पण त्यांच्यातलं प्रमाण तसंच राहतं.

चांगला झणझणीत सोडा हवा तर लिटरला सहा ते आठ ग्रॅम वायू पाण्यात राहायला हवा. पाणी कोमट असेल तर तो राहतच नाही. आपण दांडा दाबतो, फुस्स आवाज होतो, आपल्याला वाटतं वायू पाण्यात गेला. खरं तर पाण्याने घेतला थोडा आणि उरलेला झडपेतून बाहेर गेला. चव सपक लागते म्हणून आपण आणखी दाबतो. आणखी बाहेर जातो. टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या स्टॉलवर नेमकं हेच होत होतं. वहिनी सकाळी घरून पाण्याचे कॅन आणायची. दुपारपर्यंत ते पाणी उन्हाने कोमट व्हायचं. त्याचा सोडा करायचा आणि मग ग्लासात बर्फ टाकायचा. बर्फ होता, पण चुकीच्या वेळी होता. सोडा करण्याआधी पाणी गार करायला हवं होतं, आम्ही नंतर करत होतो.

वजनकाटा खोटं बोलत नाही

हे आम्हाला कसं कळलं? गटातल्या एका काकींमुळे. त्या फार शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी आयुष्यभर आमसुलं आणि काजूगर तोलून विकले आहेत. त्या म्हणाल्या, "गॅस दिसत नाय तर काय झालं, वजन तर दिसतं ना?" एवढं साधं आमच्या ध्यानात आलं नव्हतं. टाकीतला वायू ग्रॅममध्ये विकतात, मग तो ग्रॅममध्ये मोजायलाही हवा.

आम्ही खाऊच्या पाकिटांसाठी वापरतो तो छोटा डिजिटल काटा काढला. दोन बाटल्या घेतल्या. एकीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं पाणी, दुसरीत पडवीतल्या कॅनमधलं पाणी. प्रत्येक बाटली करण्याआधी टाकी काढून तोलली, करून झाल्यावर परत तोलली. गार पाण्याच्या लिटरभर सोड्याला सात ग्रॅम वायू लागला. कोमट पाण्याला चौदा ग्रॅम गेले आणि तरीही सोडा पहिल्याइतका चढला नाही. दोनदा, तीनदा केलं. आकडे तेच.

४५० लिटरला प्रत्येकी चौदा ग्रॅम म्हणजे ६,३०० ग्रॅम. भागिले ४२५. पंधरा टाक्या. वहिनीची वही बरोबर होती. विकणारासुद्धा खोटं बोलला नव्हता, सात ग्रॅमच्या हिशेबाने साठ लिटर होतात. पण ते गार पाण्याचे, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. साडेचार हजार रुपये कुणी खाल्ले नव्हते, ते हवेत गेले होते.

त्या संध्याकाळी आम्ही पाच जणी वही आणि काटा घेऊन वहिनीच्या घरी गेलो. तिच्या ओटीवर बसून तिच्या समोर परत दोन बाटल्या करून दाखवल्या. ती काटा बघत राहिली. मग म्हणाली, "हे आधी मोजलं असतंत तर." आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती गटात परत आली, पण किल्ली घ्यायला तिला वर्ष लागलं. म्हणून आजही प्रत्येक गटाला आम्ही सांगतो, पैसे कमी पडले तर माणसावर बोट ठेवण्याआधी वस्तू मोजा.

वायू वाचवायच्या सवयी

पहिली सवय : पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. गोठवायचं नाही, फक्त कडक गार. माठाचं पाणी चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. माठ पाणी गार करतो ते त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो. आपल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, त्यामुळे आपला माठ पिण्यापुरता ठीक, सोड्यासाठी पुरत नाही. फ्रिज नसेल तर भरलेल्या बाटल्या बर्फाच्या पेटीत तासभर ठेवा. पण तो बर्फ खाण्याचा असो वा नसो, तो बाटलीच्या बाहेर राहू द्या. मासळीसाठी मिळणारा बर्फ स्वस्त असतो, म्हणून तो ग्लासात टाकायचा मोह करू नका. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, तो याचसाठी.

दुसरी सवय : पाणी उकळून, झाकून गार करा. सोड्याचा वायू जंतू मारत नाही. विहिरीचं पाणी जसं असेल तसाच सोडा होईल. उकळण्याचा आणखी एक फायदा असा की पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि आपल्या वायूला जागा होते.

तिसरी : बाटली खुणेपर्यंत भरा. कमी भरली तर वरची रिकामी जागा वायूने भरते आणि झाकण काढताच तो उडून जातो. खुणेच्या वर भरली तर पाणी झडपेत शिरतं.

चौथी : दांडा एकदम दाबून धरू नका. थोडं दाबा, सोडा, दोन श्वास थांबा, परत दाबा. पाण्याला वायू घ्यायला वेळ लागतो. झाल्यावरही बाटली लगेच काढू नका, जरा थांबा.

पाचवी : यंत्रात फक्त पाणी. सरबत, लिंबू, साखर काहीही आधी घालायचं नाही. साखरेच्या पाण्याला फेस येतो, तो नळीत आणि झडपेत चढतो, चिकट होतो, त्यावर बुरशी धरते. झडप तुंबली तर दाब बाहेर पडायची वाट बंद होते, आणि तो धोका आहे.

सहावी : उरलेला सोडा लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. काही जणी प्लॅस्टिकची बाटली दाबून, आतली हवा काढून झाकण लावतात. त्याने उपयोग होत नाही. दाबलेली बाटली हळूहळू फुगते आणि फुगायला लागणारा वायू ती सोड्यातूनच घेते.

कोकमाचं गणित

आपलं कोकम हे सोड्याला फार शोभतं. त्याचा आंबटपणा आणि रंग दोन्ही टिकतात. 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही कोकमाची जात दिली आहे. तेव्हा कच्चा माल आपल्या दारात आहे. बाजारातलं रंगीत सरबत विकत आणून त्यात घरचा सोडा घालण्यात काही अर्थ नाही. खरी बचत सरबतात आहे हे विसरू नका.

मिसळताना एक चूक सगळ्याच करतात. ग्लासात सोडा ओततात आणि वरून मीठ, जिऱ्याची पूड टाकतात. फसफसून फेस वर येतो, बघणाऱ्याला छान वाटतं. पण मिठाच्या कणांवर वायूचे बुडबुडे धरतात आणि भराभर निघून जातात. जो वायू आपण पैसे देऊन पाण्यात घातला तो घोट घेण्याआधीच गेला. म्हणून मीठ आणि जिरं सरबतातच विरघळवून ठेवा. आधी ग्लासात सरबत, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा, आणि चमच्याने एकदाच हळू वर-खाली. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, वरून घालू नका.

स्वस्त वायूच्या दोन वाटा, ज्या आम्ही घेत नाही

टाकी भरून आणणं महाग पडतं म्हणून गटात दोन सूचना आल्या होत्या. तुमच्याकडेही येतील.

पहिली सूचना, वेल्डिंगच्या किंवा आग विझवायच्या मोठ्या टाकीतून आपली छोटी टाकी भरून घ्यायची. याला आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. तो वायू खाण्यापिण्याच्या दर्जाचा असेलच असं नाही. खाण्याच्या पदार्थांत वापरायच्या कार्बन डायऑक्साइडचा आय. एन. एस. क्रमांक २९० आहे. भरून देणाऱ्याकडे खाद्य दर्जाचा कागद मागा. दुसरं म्हणजे दाब. टाकीत हा वायू द्रवरूपात असतो. २० अंशाला आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ५७ पट असतो, आणि ऊन लागलं की तो झपाट्याने वाढतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत असतो त्याच्या कितीतरी पट. म्हणून टाकीत ठरावीक रिकामी जागा ठेवूनच भरावी लागते, आणि ते वजन करूनच कळतं. अंदाजाने गच्च भरलेली टाकी मे महिन्याच्या उन्हात रिक्षात ठेवली तर काय होईल याची कल्पना करा. टाक्या भरण्याचे आणि ठरावीक वर्षांनी तपासण्याचे सरकारी नियम आहेत. ते पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचं, पेसोचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. टाकी परवान्याच्या ठिकाणीच भरा, सावलीत उभी ठेवा आणि खिडकी उघडी असलेल्या खोलीत वापरा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली जमिनीलगत साचतो. लहान मुलं तिथेच खेळतात.

दुसरी सूचना, खायचा सोडा आणि लिंबूफूल बाटलीत घालून त्याचा वायू नळीने पाण्यात सोडायचा. हिशेबाने हे फारच स्वस्त दिसतं. १० ग्रॅम खायच्या सोड्यातून पाच ग्रॅमच्या वर वायू निघतो, त्याला साडेसात ग्रॅम लिंबूफूल पुरतं. पण बंद बाटलीत किती दाब झाला हे सांगणारं काहीच नसतं. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाने थंड पेयाच्या जुन्या बाटलीत हा प्रयोग केला. बूच सुटून वर गेलं आणि पडवीचं कौल फुटलं. बूच गालाजवळून गेलं होतं. कौल पन्नास रुपयांत मिळतं, डोळा मिळत नाही. काचेच्या बाटलीत तर हे कधीच करू नका.

याच सोड्याचा तिसरा उपयोग म्हणजे सरळ ग्लासात चमचाभर खायचा सोडा टाकून सरबत उफाळवणं. त्यात स्फोटाची भीती नाही, पण मिठाची आहे. ५ ग्रॅम खायच्या सोड्यात जवळजवळ १.४ ग्रॅम सोडियम असतं. साडेतीन ग्रॅम मीठ खाल्ल्यासारखं झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते. त्यात आपण लोणचं, पापड, सुकी मासळी खाणारी माणसं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या घरात हा प्रकार नकोच. यंत्राने केलेल्या साध्या सोड्यात हे मीठ नसतं, कारण त्यात फक्त पाणी आणि वायू असतो. दुकानातल्या बाटलीवरचं लेबल मात्र वाचा, काहींत खायचा सोडा घातलेला असतो.

तुमच्या घराला परवडेल का?

आता वही-पेन घ्या. आम्ही आमचे भाव घालतो, तुम्ही तुमच्या दुकानाचे घाला.

दुकानात ७५० मिली सोड्याची बाटली २० रुपयांना धरली तर लिटरला पडले सुमारे २७ रुपये. आमची टाकी सहाशे रुपयांत ४२५ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला एक रुपया चाळीस पैसे. गार पाण्याला सात ग्रॅम लागतात, लिटरला दहा रुपये पडले. वाचले सतरा. कोमट पाण्याला चौदा ग्रॅम, लिटरला वीस रुपये. वाचले फक्त सात.

यंत्राचे सहा हजार भरून निघायला गार पाण्याने साडेतीनशे लिटर सोडा करावा लागतो. कोमट पाण्याने साडेआठशे लिटरच्या वर. ज्या घरात आठवड्याला दोन लिटर सोडा लागतो, त्या घराला पैसे फिटायला गार पाण्याने साडेतीन वर्षं आणि कोमट पाण्याने आठ वर्षं लागतील. आणि ज्या घरात सोडा फक्त शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला लागतो, त्या घराने यंत्र घेऊच नये. दुकानातून बाटल्या आणा, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवा, झाकण थंड असतानाच उघडा. तुमची बचत यंत्र न घेण्यातच आहे.

लहान काडतुसाची बाटलीही मिळते. एका काडतुसात साधारण आठ ग्रॅम वायू, त्यात एक लिटर सोडा. काडतूस पंचवीस रुपयांना पडलं तर दुकानाच्या भावात आणि त्यात काही फरक उरत नाही. शिवाय रिकामी काडतुसं टाकून द्यावी लागतात.

स्टॉलचं वेगळं आहे. दिवसाला १५ लिटर करणाऱ्या गटाचे साडेतीनशे लिटर चोवीस दिवसांत होतात. म्हणजे एका हंगामात यंत्र फिटतं. अट एकच, पाणी गार. वाडीतले दोन-तीन गट मिळून ग्रामसंघामार्फत टाक्या एकदम भरून आणल्या तर येण्याजाण्याचा खर्चही वाटला जातो. टाकी आणली की आधी तोला, तिच्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा आणि मगच पैसे द्या. विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या, अगदी छोट्या स्टॉललाही ती लागते. आणि सोडा ग्राहकासमोर ग्लासात द्या. बाटलीत भरून, लेबल लावून विकणं हा वेगळा धंदा आहे आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

आमचा तो गट आजही उन्हाळ्यात स्टॉल लावतो. जुन्या एका फ्रिजमध्ये रात्री वीस बाटल्या भरून ठेवतात. वहीत आता ग्लासांच्या रकान्याशेजारी एक नवीन रकाना आहे : टाकीचं सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन. तो रकाना वहिनीनेच आखला. ती म्हणते, हा माझा साक्षीदार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात सोडा नसेल, मसाला असेल, पापड असतील, फणसाची साटं असतील. पण कुठेतरी काहीतरी न दिसता जात असेल. ते काय आहे ते शोधा, त्याला काट्यावर ठेवा आणि पुढच्या बैठकीत वही सगळ्यांसमोर उघडा.

आज इथेच थांबतो. आणि हो, पाण्याची बाटली आत्ताच फ्रिजमध्ये ठेवून द्या, उद्या कोण येईल सांगता येत नाही. नमस्कार.